सासऱ्यांचा सहा फुटी समुद्र

माझे सासरे प्लंबर. निवृत्त झाले असं आम्ही म्हणतो, ते म्हणत नाहीत. कुणाच्याही घरी गेले की आधी नळ बघतात, मग माणसं. नळ ठीक असला तर माणसांशी बोलतात. अख्खी गल्ली त्यांना वॉशरकाका म्हणते, कारण जगातल्या निम्म्या दुखण्यांच्या मुळाशी झिजलेला वॉशर असतो, असं त्यांचं ठाम मत आहे. उरलेल्या निम्म्यांच्या मुळाशी प्लास्टिक. प्लास्टिकचा पाइप, प्लास्टिकचा नळ, प्लास्टिकचा व्हॉल्व्ह, यातलं काहीही नजरेस पडलं तर चेहरा असा करतात, जणू कुणीतरी त्यांच्या ताटात चप्पल ठेवली.

या माणसाला चौसष्टाव्या वर्षी माशाचं वेड लागलं. एका दातांच्या दवाखान्यातलं बेसिन तुंबलं होतं म्हणून गेले होते. तिथे बसायच्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी होती आणि तिच्यात तळहाताएवढा, बशीसारखा चपटा, लिंबासारखा पिवळाधमक मासा होता. त्याला सर्जन मासा म्हणतात, शेपटीच्या बुडाशी शस्त्रक्रियेच्या सुरीसारखं बारीक पातं असतं म्हणून. सासरे काचेपाशी वाकले. माशाने त्यांच्याकडे पाहिलं, ओठांचा चंबू केला आणि पाठ फिरवून निघून गेला.

"तोरा बघितला का?" घरी आल्यावर सासरे म्हणाले. "मी एवढा वाकलो, पण ढुंकून बघितलं नाही. असा एक आपल्याकडे पाहिजे."

"आपल्याकडे एक आहे की," सासूबाई म्हणाल्या.

घरात मतदान झालं. सासूबाई, माझी बायको, मी आणि सासऱ्यांचे थोरले भाऊ, असे चौघे विरुद्ध. बाजूने एक. एक जिंकला.

या थोरल्या काकांबद्दल सांगायला हवं. ते आयुष्यभर शाळा तपासनीस होते. शाळा सुटल्या, तपासणी सुटली नाही. दर रविवारी सकाळी ते धाकट्या भावाच्या घरी येतात, चहा घेतात आणि घराची तपासणी करून जातात.

मासा मिळवणं सोपं नव्हतं. माशांच्या दुकानातल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "काका, टाकी किती फुटांची?"

"तीन."

"मग मासा नाही."

"अहो, मी मासा मागतोय, मुलगी नव्हे."

"मुलगी एक वेळ दिली असती. नाही जमलं तर माघारी तरी येते. हा कुठे जाईल? याला दिवसभर पोहायला लागतं. सहा फूट करा, मग या."

मी शेजारीच उभा होतो. मला मुलगी देताना सासऱ्यांनी माझ्या घराची लांबी विचारली नव्हती, हे मला तेव्हा प्रकर्षाने आठवलं.

सहा फुटांची टाकी बसायच्या खोलीत एकाच भिंतीला बसत होती, आणि त्या भिंतीला सासूबाईंचा सोफा होता. सोफा गेला. सासूबाई लाकडी खुर्चीवर आल्या आणि आठवडाभर पाठीला हात लावून बसल्या, दुखत नव्हती तरी. सासऱ्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. पाइप, पंप, गाळणी, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने जोडलं. पाण्यात मोजून मीठ कालवलं. थेंबभर पाणी काचेवर घेऊन, भिंगातून बघून ते मीठ मोजायचे.

"माझ्या हातचं मीठ कमी झालं की जास्त, चाळीस वर्षांत यांना कळलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "आता दुर्बीण लावतात."

मग सहा आठवडे टाकीत नुसतं पाणी आणि दगड. माशाची घाण पचवणारे जिवाणू आधी पाण्यात वाढावे लागतात, त्याला वेळ लागतो. शेजारी येऊन बघायचे. "वॉशरकाका, काय पाळलंय?"

"पाणी," सासरे शांतपणे म्हणायचे.

अखेर मासा आला, आणि शेवाळ साफ करायला सहा गोगलगाई आल्या. मासा पहिल्या दिवसापासून या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालू लागला, बाळंतपणाच्या खोलीबाहेरच्या नवऱ्यासारखा. समुद्री शेवाळाचा वाळवलेला कागदासारखा तुकडा चिमट्याला लावून पाण्यात सोडला की त्याचे लचके तोडायचा. महिनाभर सासरे असे हिंडत होते, जणू समुद्र त्यांनीच शोधला.

मग गोगलगाई मेल्या. दोन दिवसांत सहाच्या सहा. सासऱ्यांनी त्या डबीत घातल्या आणि बिघडलेला नळ परत करावा तशा दुकानात नेल्या.

"माल कच्चा होता," ते म्हणाले.

बाईंनी डबी बघितली. "काका, तुमच्या टाकीतलं पाणी आणा."

पाणी आणलं. बाईंनी नळीत थोडं ओतलं, कसले तरी थेंब टाकले, नळी हलवली आणि रंगांच्या तक्त्याशेजारी धरली. "पाण्यात तांबं उतरलंय. गोगलगाईंना तेवढं पुरतं. मासाही फार दिवस काढणार नाही. पाइपात काही धातूचं घातलंय का?"

"एकच व्हॉल्व्ह," सासरे अभिमानाने म्हणाले. "पितळी. माझ्या पेटीत तीस वर्षं जपून ठेवलेला. तुमच्या प्लास्टिकवर मी विश्वास..."

तिथे ते थांबले. पितळेत तांबं असतं हे प्लंबरला सांगावं लागत नाही. खारं पाणी पहिल्या दिवसापासून तो व्हॉल्व्ह चाटत होतं, आणि चाटलेलं सगळं माशाच्या अंगात जात होतं. दुसऱ्या कुणीही दुकानातला साधा व्हॉल्व्ह आणून लावला असता आणि सुखी झाला असता. ही चूक करायला चाळीस वर्षांचा अनुभव लागतो.

घरी पोहोचलो तेव्हा मासा कोपऱ्यात उभा होता. येरझाऱ्या बंद. कल्ले भराभर हलत होते. शेवाळाचा तुकडा तसाच.

सासऱ्यांनी पाच मिनिटांत व्हॉल्व्ह उपटला आणि तडक हार्डवेअरच्या दुकानात गेले. त्याच दुकानात, जिथे त्यांनी चाळीस वर्षं उभं राहून प्लास्टिकविरुद्ध भाषणं केली होती. दुकानदार त्यांचा जुना दोस्त. आत चार-पाच प्लंबर उभे होते.

"प्लास्टिकचा व्हॉल्व्ह द्या. एक इंची."

दुकानदाराने चष्मा काढला. "कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"जरा हळू बोला, लोक ऐकताहेत."

"ऐकू देत. मी चुकलो होतो. आता पाइप वळवायचं कोपरही द्या, तेही प्लास्टिकचं."

रविवारी थोरले काका आले. त्यांनी टाकी बघितली, मासा बघितला, भावाकडे बघितलं. "शेवटी पितळ उघडं पडलं तर."

सासरे बादलीत मीठ ढवळत होते. "दादा, पाय उचल. पाणी सांडेल."

"माझं ऐक. मासा दुकानात परत देऊन टाक. तुझ्याच्याने व्हायचं नाही हे."

"चूक माझी, आणि घर सोडायचं त्याने?"

"मरेल तो."

"मेला तर माझ्या घरात मरेल. पण आधी मी त्याला जगवून बघतो."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला आणि तपासणीचा निकाल सुनावला. पुढच्या रविवारपर्यंत मासा खायला लागला नाही तर टाकी विकायची. त्यांच्या ओळखीचे एक कंपाउंडर होते, त्यांना गोड्या पाण्यातले मासे ठेवायला टाकी हवी होती. काका त्यांना घेऊनच येणार. वहिनीला तिचा सोफा परत मिळेल.

सासरे काही बोलले नाहीत. काकांनी तो होकार मानला, कारण शाळेत गप्प बसणारी पोरं कबूल असतात.

मग तो आठवडा. एक दिवसाआड टाकीतलं पाव पाणी काढायचं आणि नवं खारं पाणी ओतायचं. बादल्या उचलायला जावई. गाळणीत तांबं शोषणारी पिशवी. सकाळ-संध्याकाळ नळीत थेंब टाकून रंग बघायचा. तांबं कमी होत गेलं, गुरुवारी तक्त्यावरच्या शेवटच्या फिकट चौकोनाला आलं. कल्ले संथ झाले. पण मासा खाईना. सासरे चिमट्याला ताजा तुकडा लावायचे आणि काचेला नाक लावून, हातात विजेरी घेऊन तासन् तास बघत बसायचे. मासा दगडामागे. संध्याकाळी चिमटा रिकामा दिसला की म्हणायचे, "सुटून गाळणीत गेलं." मग गाळणी उघडून साफ करायचे.

"बाबा, थोडं झोपा तरी दुपारचं," माझी बायको म्हणाली.

"तो झोपला का?"

दुपारी ते फक्त तासभर बाहेर पडायचे, मीठ आणायला किंवा दुकानातल्या बाईंना पाण्याचा नमुना दाखवायला. बाकी काचेपाशी.

रविवार आला. काका आले, मागे कंपाउंडर, त्यांच्या हातात मापाची टेप. बिचारे भले गृहस्थ होते, चप्पल दाराबाहेर काढून अंग चोरून उभे राहिले.

"खाल्लं का त्याने?" काकांनी विचारलं.

"नाही," सासरे म्हणाले.

"मग? अट काय ठरली होती?"

"अट तू घातलीस. मी फक्त ऐकून घेतली." सासरे टाकीच्या पुढे येऊन उभे राहिले. "पाहुण्यांना चहा देतो, टाकी देणार नाही. हा नाही जगला तर मी सहा आठवडे पुन्हा पाणी पाळीन आणि दुसरा आणीन. तोही नाही जगला तर तिसरा. तू दर रविवारी ये आणि नापास करत जा."

"आणि वहिनीने जन्मभर लाकडी खुर्चीवर बसायचं?" काका सासूबाईंकडे वळले. "वहिनी, तुम्ही तरी सांगा याला. आठ दिवस झाले, प्राणी उपाशी आहे."

सासूबाई खुर्चीवर बसून लोकर गुंडाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "उपाशी कुठला? बुधवारपासून खातोय."

सासरे गर्रकन वळले.

"कधी?" सासरे म्हणाले.

"दुपारी. तुम्ही बाहेर गेलात की. समोर तुम्ही विजेरी घेऊन काचेला नाक लावून बसल्यावर कोण जेवेल? मी असते, पण मी त्याच्याकडे बघत नाही. मला माझं काम असतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही गाळणीला विचारत होता." लोकरीचा गुंडा त्यांनी मांडीवर ठेवला. "आणि भाऊजी, सोफ्याचं मी बघीन. तो माझा आणि यांचा प्रश्न आहे."

सासऱ्यांनी चिमट्याला ताजा तुकडा लावला, पाण्यात सोडला, विजेरी खिशात घातली आणि आम्हा सगळ्यांना हाताने मागे रेटलं. स्वयंपाकघराच्या दारात आम्ही दाटीवाटीने उभे राहिलो. सासरे, काका, माझी बायको, मी आणि टेपवाले कंपाउंडर, एका दारात पाच डोकी. खोलीत फक्त सासूबाई आणि त्यांची लोकर.

बराच वेळ काही झालं नाही. कंपाउंडर अवघडून एका पायावर उभे होते. मग दगडामागून पिवळा चंबू बाहेर आला. इकडे गेला, तिकडे गेला, सासूबाईंचा अंदाज घेतला. मग शेवाळाला असा लचका मारला की चिमटा हलला.

काकांनी घसा साफ केला. "तरीही मी सांगतो, हे तुझ्या वयाला झेपणारं काम..."

"हळू बोल, दादा," सासरे म्हणाले. "तो जेवतोय."