घोषणेला पुरेल एवढा दम

क्रांती चौकातून मोर्चा निघाला तेव्हा मेगाफोन माझ्या हातात होता आणि गुलमंडी यायच्या आत तो गेला. पोलिसांनी हिसकावला असता तर मला अभिमान वाटला असता. पण तो माझ्याच धापेनं काढून घेतला.

घोषणेची रीत सोपी असते. पहिली ओळ एकानं द्यायची, दुसरी सगळ्यांनी. मी ओरडायचं, "कोण म्हणतं देणार नाही?" आणि मागच्यांनी आभाळ फाडायचं, "घेतल्याशिवाय राहणार नाही!" वसतिगृहाच्या जागा वाढवून मिळाव्यात म्हणून काढलेला तो मोर्चा होता. मुलंमुली पुष्कळ होती, ऊनही पुष्कळ होतं. पैठण गेट मागं पडलं आणि माझ्या छातीत लोहाराचा भाता चालायला लागला. मी मेगाफोन तोंडाशी नेला, "कोण म्हणतं" एवढं म्हणाले आणि पुढचे शब्द आलेच नाहीत. नुसता श्वास. तो मेगाफोनमधून अख्ख्या रस्त्याला ऐकू गेला. मोर्चा दुसऱ्या ओळीसाठी तोंड उघडून उभा. कापडाच्या दुकानांतली गिऱ्हाइकं पायरीवर येऊन बघायला लागली.

मागून वयस्क बायकांचा टेम्पो येत होता. त्यात माझी पडेगावची मावशी होती. ती तिथूनच ओरडली, "अगं कोण म्हणतं, काय म्हणतं, पुढचं सांग की! आमी काय घरी जाऊन इचारायचं का?"

सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काही करायला दमच नव्हता. शेजारी चालणाऱ्या कॉलेजातल्या एका मुलीनं मेगाफोन हळूच माझ्या हातून घेतला आणि घोषणा पूर्ण केली. मला टेम्पोत चढवलं. मावशीनं सरकून जागा दिली, पाणी दिलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बस माय. तू आता आमच्यातली."

ते वाक्य फार लागलं. मावशीच्या निम्म्या वयाचीही मी नव्हते. घोषणा देणं हे मला येणारं एकमेव काम नव्हतं, पण सगळ्यात लाडकं काम तेच. मला तो मेगाफोन परत हवा होता, आणि चालत्या पायांवर हवा होता.

अडचण अशी की वजनाबद्दल माझी एक जाहीर भूमिका होती. वजन उतरवणाऱ्या पावडरींच्या विरोधात मी पत्रक लिहून वाटलं होतं. "बारीक झालीस तर चांगलं स्थळ येईल" म्हणणाऱ्या एका काकूला भर हळदीत असं सुनावलं होतं की नवरीची हळद बाजूला राहिली. बाईच्या अंगावर किती मांस असावं हे ठरवणारे तुम्ही कोण, हा माझा सवाल होता आणि आजही आहे. मग आता मीच डाएट करू? हे म्हणजे संप फोडण्यासारखं वाटत होतं. दोन दिवस मी स्वतःशीच वाद घातला. शेवटी निकाल असा लावला की स्थळासाठी बारीक होणं आणि घोषणेसाठी दम कमावणं हे दोन वेगळे मोर्चे आहेत, त्यांचे झेंडे एकत्र बांधायचे नाहीत.

निकाल लागल्यावर मी तेच केलं जे आमच्या घरात कुठल्याही प्रश्नावर करतात. पत्रक काढलं.

आमच्या उस्मानपुऱ्याच्या घरी पत्रकांचे गठ्ठे धान्याच्या पोत्यांसारखे रचलेले असायचे. वडील ती छापून आणायचे, आई घड्या घालायची. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून, त्यामुळे शाळेत गाईवरच्या निबंधाचा शेवटही मी "चलो!" असा केला होता. पत्रकाचा एक नियम असतो: मागायचं तर सगळंच मागायचं. कमी मागितलं तर समोरचा त्याच्याही निम्मं देतो.

म्हणून माझ्या पत्रकाचा मथळा होता, "वाढत्या वजनाविरुद्ध आरपारची लढाई!" खाली मागण्या. पुढच्या मोर्चापर्यंत वीस किलो वजन कमी झालेच पाहिजे. साखरेवर संपूर्ण बहिष्कार. भातबंदी. तळणबंदी. रोज पहाटे हर्सूल तलावावर धावणे. आणि शेवटी आमच्या घराण्याची नेहमीची ओळ, "अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल." ते मी फ्रीजवर चिकटवलं.

आईनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "भाषा चांगलीय," ती म्हणाली. "पण आंदोलन छेडणार कुणाविरुद्ध? फ्रीजच्या?"

क्रांतिकारकांच्या आया अशाच असतात, अशी मी मनाची समजूत घातली.

पहिल्या पहाटे स्कूटी घेऊन हर्सूलला गेले आणि धावले. म्हणजे धावायला सुरुवात केली. थोड्या वेळानं कठड्याला धरून उभी राहिले. आजोबा मंडळींचा एक घोळका माझ्या बाजूनं गप्पा मारत गेला, पलीकडून फिरून परत आला, तरी मी तिथंच. दुसऱ्या दिवशी पाय जिना उतरेनात. तरी गेले. दुपारी काकडी, रात्री काकडी. आठवड्याच्या शेवटी भांडी घासता घासता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी ओट्याखाली बसले. आईनं गुळाचा खडा तोंडात कोंबला. साखरबंदी मोडली का, याचा विचार मी तो चघळत असतानाही करत होते.

रविवारी आम्ही मावशीकडं पडेगावला गेलो. तिनं मटणाचा लालभडक रस्सा केला होता आणि ज्वारीच्या भाकऱ्या थापत होती. मी लांब बसले.

"काय गं, उपास का?" मावशी म्हणाली.

"बहिष्कार आहे," मी म्हटलं.

"कशाकशावर?"

मी सांगितलं. साखर, भात, तळण.

तिनं भाकरी उलटली. "मग रश्श्याचं कुठं नाव हाय त्यात? भाकरीचं तरी हाय का?"

नव्हतं. मसुद्यात एवढी मोठी फट राहिली होती आणि ती माझ्यासारख्या पत्रककर्तीच्या नजरेतून सुटली होती. मी त्या फटीतून तीन भाकऱ्या खाल्ल्या. वर मावशीनं वाढला म्हणून भातही खाल्ला, कारण गुळाच्या खड्यानं एक कलम आधीच मोडल्यावर बाकीची पाळण्यात मला तात्त्विक अर्थ दिसेना. घरी आल्यावर फ्रीजवरच्या पत्रकाखाली पेनानं लिहिलं, "आंदोलन तूर्त स्थगित."

दुसऱ्या दिवशी आई शेंगा सोलत होती. माझं तोंड सुतकी होतं.

"मोर्चातून साहेबाकडं निवेदन घेऊन कोण जातं?" तिनं एकदम विचारलं.

"शिष्टमंडळ. मीच असते की त्यात."

"निवेदनात मागण्या किती असतात?"

"दहा. बारा. कधी पंधरा."

"आणि आत खुर्चीवर बसल्यावर किती बोलता?"

हे मला माहीत होतं. आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. रस्त्यावर पंधरा मागण्या वाचायच्या, पण दाराबाहेर चप्पल काढतानाच ठरवायचं की आज एक पदरात पाडून घ्यायची. ती मिळाली की बाहेर येऊन सांगायचं, लढा चालू आहे. गेल्या खेपेला वसतिगृहाचं पाणी आम्ही असंच मिळवलं होतं.

"एक," मी म्हटलं.

"मग सोताशी बोलतानाच कसं गं तू पंधरा घेऊन बसतीस? त्या बिचाऱ्या शरीराला कळंल तरी का, आधी काय द्यायचं?"

मग आमची बैठक झाली. मी म्हटलं, मोर्चा संपतो त्या आयुक्तालयापर्यंत, पूर्ण रस्ता, घोषणा देत. आई म्हणाली, पैठण गेट. मी म्हटलं, पैठण गेटला तर मी आजही पोचते, ही काय मागणी झाली? ती म्हणाली, व्हय, पण पोचतीस तवा तुझं तोंड बघितलंयस का? बऱ्याच घासाघिशीनंतर तडजोड झाली: गुलमंडी पार. घोषणा न तोडता. किलोंचा आग्रह मी सोडेना, तेव्हा महिन्याला एक, फार तर दीड, एवढं तिनं मान्य केलं. त्याहून जास्त मागितलं तर बैठक उठली असं समज, म्हणाली.

हर्सूल रद्द झालं. त्याऐवजी घरापासून क्रांती चौक आणि परत, झपाझप, आईबरोबर. रात्रीचं जेवण लवकर. भात निम्मा, पण भात. चहात साखर अर्धा चमचा. काकडीला फक्त कोशिंबिरीत स्थान. आणि चालताना घोषणा, हळू आवाजात, कारण दम त्यासाठीच कमवायचा होता. मी पुटपुटायचे, "कोण म्हणतं देणार नाही?" आणि आई दातात पदर धरून उत्तर द्यायची. दूध आणायला निघालेले शेजारचे काका एकदा थबकले. "ताई, सकाळी सकाळी कुणावर मोर्चा?"

"हिच्या पोटावर," आई म्हणाली.

पहिल्या महिन्यात वजन उतरलं. दुसऱ्यातही. मग काटा अडून बसला. मेडिकलच्या दारातल्या काट्यावर मी उभी राहायचे, आकडा तोच. एकदा तर तो थोडा वर सरकला. त्या सकाळी मी पांघरूण डोक्यावर ओढून जाहीर केलं की आज येणार नाही, उद्याही नाही, ही व्यवस्थाच सडलेली आहे.

आईनं पांघरूण ओढलं नाही. पलंगाच्या कडेला बसून चपलेचा पट्टा लावत राहिली. "आपल्या विहारासमोर सभा असली की सतरंजी कोण घालतं?"

"तू."

"चार माणसं आली तर?"

"तरी घालतेस."

"लोक किती येतील ते माझ्या हातात नाय. सतरंजी हाय." ती उठली. "मी निघाले. तुला यायचं तर ये."

मी आले, पण कुरकुरत. सगळ्या रस्त्यानं तिला सांगत गेले की सतरंजी आणि चरबी यांची तुलना वैचारिकदृष्ट्या कच्ची आहे. बोलता बोलता क्रांती चौक आला. तिथं उभी राहून मी अजून बोलतच होते, वाक्यं पूर्ण करत होते. माझ्या ते लक्षात आलं आणि आई गालात हसली. काटा मेडिकलच्या दारात अडला होता, दम पुढं निघून आला होता. त्यानंतर मी काट्यावर महिन्यातून एकदाच जायचं ठरवलं. माझी सकाळ नासवायची आकड्याची पाळी तेवढीच.

थंडी सुरू झाली आणि वसतिगृहाचा पुढचा मोर्चा ठरला. माझं वजन वीस किलो उतरलं नव्हतं. सहा उतरलं होतं. स्थळवाल्या काकूंना ते दिसलंही नाही, याचा मला आनंद झाला.

क्रांती चौकात मी मेगाफोन मागितला. त्या कॉलेजातल्या मुलीनं तो देताना माझ्याकडं जरा काळजीनं बघितलं. "ताई, मी शेजारीच आहे."

"राहा," मी म्हटलं. "पण हात नको लावू."

पैठण गेटला माझं तोंड कसं होतं मला माहीत नाही, आवाज मात्र शाबूत होता. गुलमंडीच्या अलीकडं तीच दुकानं आली, त्याच पायऱ्या. मी श्वास घेतला, घाई केली नाही, आणि म्हटलं, "कोण म्हणतं देणार नाही?" मागून जे उत्तर आलं त्यानं पाठीला धक्का बसल्यासारखं झालं. गुलमंडी मागं पडली. मग सिटी चौकही. टेम्पोतून मावशीची हाक आली, "जागा ठिवलीय बरं का!" मी वळून ओरडले, "पिशव्या ठेव तिथं!"

शहागंजचं घड्याळ दिसायला लागलं तेव्हा भाता पुन्हा सुरू झाला. माझी चालू घोषणा मी पूर्ण केली, लोकांचं उत्तर पूर्ण होऊ दिलं आणि मेगाफोन माझ्या हातानं त्या मुलीला दिला. तिनं तो पटकन तोंडाला लावला, जणू तोंडात शब्द भरूनच चालत होती. मी दोन पावलं मागं आले, आईच्या शेजारी, आणि दुसरी ओळ द्यायला लागले. चालत चालत, गर्दीतून. कितीतरी दिवसांनी मी मागच्या बाजूनं ओरडत होते आणि तिथं तर अजून मजा होती.

"पुढल्या बारीला त्याच्याही पुढं, दिल्ली गेट," आई कानाशी म्हणाली. तिलाही घाम आला होता.

"नको," मी म्हटलं. "आधी शहागंज पक्कं होऊ दे."