तिकडचं मशीन काय म्हणतंय

"हात काढा काका. आधी वाचू." असं म्हणायची आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची. कॉम्प्युटर अडला की आपण सगळे आधी बटणं बडवतो. ही बाई हातांवर बसायची. असं माणूस तुम्ही पाहिलंय कुठे?

डोंबिवलीला आमच्या समोरच्याच दारात राहायची. घरी बसून लांबलांबच्या कंपन्यांची मशीनं सुधारायची.

मी चौथी शिकलेला. खडवलीला आमची मसाला कांडपाची गिरणी. कुणाच्या घरच्या मसाल्यात मिरची किती, धणे किती, तिरफळ किती, सगळं बायकोने गिरणीतल्या कॉम्प्युटरवर लिहून ठेवलेलं. ती गेली, मग माझे गुडघे गेले, खडवलीला जाणं सुटलं. मी डोंबिवलीतून लॅपटॉपवर तीच फाइल उघडून मापं सुधारायचो. सेव्ह केलं की पासवर्ड. पुन्हा सेव्ह, पुन्हा पासवर्ड. मी दोन बोटांनी टाइप करणार, चुकणार. तीनदा चुकलं की मशीन मला घटकाभर दारात उभंच करत नसे. तिकडे मे महिन्यात मिरच्या वाळून तयार, गिऱ्हाईक खोळंबलेलं.

मुलगी म्हणाली, "बाबा, विका आता ती गिरणी."

बायकोला जाळून आलो होतो. गिरणी विकायची छाती नव्हती माझी.

समोरच्या बाईने पासवर्डऐवजी चालणारी कॉम्प्युटरची किल्ली केली. अर्धी माझ्या लॅपटॉपात, अर्धी गिरणीच्या मशीनमध्ये. जुळली की पासवर्ड बंद. पण मशीनने मागितलाच!

"गंजकी किल्ली दिलीत बाई!"

"किल्ली चोख आहे. तिकडचं मशीन काय म्हणतंय ते वाचू." बसली हातांवर. वाचलं आणि हसली. "काका, तुमचं सगळं फोल्डर कुणालाही लिहायला मोकळं कुणी केलं?"

मीच करायला लावलेलं. बायको होती तेव्हा गिरणीत कुणीही यायचं, स्वतःच चहा टाकायचं. ती गेल्यावर कॉम्प्युटरवाल्याला सांगितलेलं, इथे कुणाला अडवायचं नाही.

"मन चांगलं आहे तुमचं. किल्लीही त्याच फोल्डरात आहे. पण जिथे कुणीही किल्ली बदलू शकतं, तिथली किल्ली मशीन मानत नाही. वाचू दे सगळ्यांना. लिहायचं तुम्ही एकट्याने."

"एकट्याने?"

"लिहिताय की काका. वर्ष झालं."

तिने दोन ओळी टाइप केल्या. मी सेव्ह केलं. पुन्हा केलं. पाच वेळा केलं, मशीन गप्प.

"आता तुमच्या घरचं माप सांगा," मी म्हटलं.

"आमच्याकडे पाकीट आणतात."

"छ्या! मशीनं सुधारता आणि पाकिटाचं खाता?"

मग मीच बसवलं तिचं माप. बेडगी जास्त, लवंगी बेताने, दगडफूल हात राखून. त्या फाइलीतलं बायकोने न लिहिलेलं पहिलं माप.

पुढे ती आईला सांभाळायला कोलशेतला गेली. समोर आता दुसरी माणसं राहतात. दार लावूनच असतात.

परवा गिरणीतून कांडपवालीचा फोन आला. "काका, हे एक माप आहे, घ्यायला कोणीच येत नाही. पुसायचं का?"

"तुला पुसता येणार नाही," मी म्हटलं. "कांड तू. कोलशेतला मी नेऊन देतो."