आगरवाडीची हद्द आणि हिराजीभाऊ

हिराजीभाऊ घरत यांची आणि माझी ओळख एकमेकांच्या विरोधात उभे असताना झाली, हे आधीच सांगून टाकतो. भाऊंच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात असे लिहावे की नाही, याचा दोन दिवस विचार केला. पण दुसरीकडून सुरुवात केली, तर पुढचे काहीच खरे वाटणार नाही.

पेणला आमच्या गटग्रामपंचायतीच्या प्रभागरचनेवर हरकतींची सुनावणी होती. मी कोंडवलीच्या वरच्या आळीतला, भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातला, आणि तेव्हा पंचायतीचा सदस्य. आमच्या पंचायतीतच खाली धरमतरच्या खाडीला लागून आगरवाडी आहे. मिठागरात आणि खारजमिनीत राबणाऱ्यांची ही वस्ती. पंचायतीचे तीन प्रभाग होते आणि आगरवाडीचे तीन तुकडे करून ते तिन्ही प्रभागांना जोडलेले होते. एकत्र मोजली तर वाडी मोठी होती. तुकड्यांत ती कुठेच निवडून येण्याइतकी उरत नव्हती. स्वातंत्र्यानंतर पंचायत स्थापन झाली तेव्हापासून वाडीतला एकही माणूस सदस्य झालेला नव्हता. आम्हाला त्यात काही वावगे दिसत नव्हते.

भाऊ रोह्याहून भूकरमापक म्हणून नुकतेच निवृत्त होऊन गावी, आगरवाडीत, आले होते. सुनावणीला त्यांनी स्वतः काढलेला नकाशा आणला होता. त्यात वाडीतले प्रत्येक घर होते. अधिकाऱ्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "नाला आणि रस्ता या नैसर्गिक सीमा आहेत. त्या धरूनच रचना केली आहे."

भाऊ म्हणाले, "साहेब, नाल्याच्या दोन्ही अंगाला आमचीच घरं हायेत. चुलतभाऊ त्या काठाला, चुलतभाऊ या काठाला. नाला आमाला तोडीत नाय."

मग मी उठलो. आम्ही भेदभाव करत नाही, वाडी आमचीच आहे, असे बरेच काही बोललो. हरकत फेटाळली गेली. बाहेर आल्यावर भाऊंनीच मला एसटी स्टँडसमोर चहाला नेले. चहा अर्धा झाल्यावर शांतपणे विचारले, "तुमच्या प्रभागात वाडीची जी घरं येतात, त्यांतल्या एका घरमालकाचं नाव सांगा बरं." मला एकही नाव आले नाही. भाऊ कप खाली ठेवून गाडीला गेले.

पुढच्या पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला खाडीचा बांध फुटला. आमच्याकडे त्याला खांड पडणे म्हणतात. दुपारी वाडीतल्या जनाबाई माझ्या ओटीवर आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल होता.

"तुमी आमचं मेंबर ना?" त्या म्हणाल्या. "पानी घरांत शिरलंय. मानसं पाठवा."

खांड पडलेला बांध माझ्या प्रभागात येत नव्हता. मी त्यांना तसेच सांगितले आणि दुसऱ्या सदस्याकडे पाठवले. त्याने तिसऱ्याकडे पाठवले. तिसऱ्याने त्यांना पुन्हा माझे नाव सांगितले. तोवर ओहोटी येऊन गेली होती आणि पुढची भरती चढू लागली होती. तांदळाच्या कणग्या भिजल्या. गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर खारी झाली, ती कायमची. त्यानंतर कित्येक वर्षे वाडीतल्या बायका पाणी आणायला वर आमच्या आळीत येत राहिल्या आणि माझ्या दारावरून हंडे घेऊन जात राहिल्या. जनाबाई मला कधी टोचून बोलल्या नाहीत. खरे तर त्या माझ्याशी बोलतच नसत.

दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो तेव्हा भाऊ वाडीतल्या माणसांबरोबर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून खांडीत मातीची पोती लावत होते. साठीच्या जवळचा माणूस. मी काठावर उभा राहून काहीतरी दिलगिरीचे बोललो. ते म्हणाले, "बांध तिघांचा हाय, म्हणून कोनाचाच नाय. उतरताय का? पोती जड हायेत." मी उतरलो. भाऊंचा आणि माझा सहवास त्या दिवसापासूनचा.

त्यांची कामाची रीत रोह्यातच ठरून गेली होती. तिथल्या एका खेड्यात हद्दीवरून भांडणाऱ्या दोन भावांची मोजणी त्यांनी केली, त्याची गोष्ट त्या भागातले जुने लोक अजून सांगतात. हद्दीचा दगड रोवण्याआधी त्यांनी दोघांनाही त्या रेषेवरून टोकापासून टोकापर्यंत चालायला लावले. त्यांतला एक म्हणाला, "साहेब, नकाशात दिसतंय की." हिराजीभाऊ म्हणाले, "नकाशात पाय पोळत नाहीत." भर उन्हात तिघेही चालले. पुढे वर्षानुवर्षे तो दगड कोणी हलवला नाही.

पुढच्या हरकतीसाठी वाडीची मोजणीही त्यांनी पायांनीच केली. मी वही घेऊन मागे. ते प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारत: "तुमी होळीला कुठं जाता?" लग्ने कुठेही होतात, रेशन कुठलेही असते, पण होळीला माणूस आपल्या लोकांतच जातो, असे त्यांचे म्हणणे. काही घरांतल्या बायका गणपतीच्या मूर्ती रंगवायला हमरापूरला जात. त्या रविवारी भेटत, म्हणून आम्ही त्या घरांना रविवारी पुन्हा जात असू. माझी या कामात कितीदा चिडचिड झाली असेल, त्याला गणती नाही. नियमात होळी कुठे बसते, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "बसत नाय. पण आपल्याला तरी खरं ठावं असूदे."

पुढच्या निवडणुकीच्या वेळी, दुसऱ्या खेपेच्या सुनावणीत मी भाऊंच्या बाजूने बोललो. हरकत पुन्हा फेटाळली गेली. माझ्या आळीने मला त्यानंतर निवडून दिले नाही आणि माझा धाकटा भाऊ वर्षभर माझ्याशी बोलला नाही. हिराजीभाऊ एका सकाळी मला न सांगता त्याच्याकडे गेले. त्याच्या वालाच्या शेतात त्याच्याबरोबर शेंगा तोडत बसले. प्रभागाचा विषयही काढला नाही. संध्याकाळी माझा धाकटा भाऊ त्यांच्यासोबत शेंगांची टोपली घेऊन माझ्या घरी आला. तिघांनी मिळून मडक्यात शेंगा भरून पोपटी लावली. इतकेच. पण माझे घर त्यांनी असे जोडून दिले, ते मी विसरलेलो नाही.

तिसऱ्या खेपेला अधिकारी नवे होते. ते वाडीत आले, नाल्याच्या दोन्ही काठांनी फिरले आणि म्हणाले, "वाडी एका प्रभागात घेता येईल. पण लोकसंख्या थोडी जास्त होते. वरच्या कडेची काही घरे बाहेर ठेवावी लागतील. कोणती, ते तुम्ही सुचवा."

वाडीत बैठक झाली. आपले घर बाहेर जावे असे कोणालाच वाटत नव्हते. आवाज वाढू लागले. भाऊंनी पेन्सिलीने रेष ओढली. ती त्यांच्या स्वतःच्या आणि त्यांच्या चुलत्यांच्या घरांच्या खालून गेली. भाऊंच्या पत्नी, सुमनवहिनी, दारात उभ्या होत्या. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "दहा वरसं वाडी वाडी केलंत, आनि आता आपनच वाडीभायेर?"

"मंग कोनाचं घर भायेर काढू गो?" भाऊ म्हणाले. "तू नाव सांग, मी काढतो."

वहिनींनी कोणाचे नाव घेतले नाही. त्या आत गेल्या आणि तीन दिवस भाऊंशी बोलल्या नाहीत.

ती रचना मंजूर झाली. आगरवाडीचा पहिला सदस्य निवडून यायचा होता, त्या मतदानाला भाऊंना त्यात मत नव्हते. ते आमच्या आळीच्या रांगेत माझ्या मागे उभे राहिले आणि माझ्याच आळीतल्या उमेदवारांना मत देऊन घरी गेले. वाडीची जागा स्त्रियांसाठी राखीव होती आणि जनाबाई निवडून आल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी बांधाचा विषय काढला आणि ठराव होईपर्यंत खाली बसल्या नाहीत. बांध झाला. नळही आला, दिवसाआड. विहीर मात्र गोडी झाली नाही. एवढ्या वर्षांनी हाती आले ते एवढेच. भाऊंनी कधी याला विजय म्हटले नाही आणि मीही म्हणत नाही.

आता त्यांचे गुडघे गेले आहेत. कानही कमी झाले आहेत. मुदत संपून बरेच दिवस पंचायतीवर प्रशासक होते. वर रस्त्याला कंपनीच्या शिफ्टवाल्यांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या, आणि माणसांचे आकडे बदलले. गेल्या महिन्यात मी पुन्हा होणाऱ्या प्रभागरचनेचा विषय काढला, तर ते म्हणाले, "आता मला दमवू नका. मी खूप चाललोय." सतरा वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले.

भाऊंना शतायुषी व्हा असे म्हणताना मला संकोच वाटतो, कारण आम्ही त्यांचे आयुष्य फार वापरले. म्हणून मागणे एवढेच, की पुढची सगळी वर्षे त्यांची स्वतःची असोत. गुडघे कमी दुखोत. वहिनींच्या हातचे जेवून दुपारी ते निवांत झोपोत आणि आमच्यापैकी कोणीही कागद घेऊन त्यांना उठवायला न जावो.

गेल्या मंगळवारी नव्या रचनेचा मसुदा पंचायतीच्या फलकावर लागला. वाडी पुन्हा दोन भागांत गेली आहे. ही गोष्ट भाऊंना कळू द्यायची नाही, असे वहिनींनी, जनाबाईंनी आणि मी ठरवले आहे. वाडीतली घरे यावेळी जनाबाई आणि मी फिरलो. हरकतीचा अर्ज मी लिहिला, पहिली सही जनाबाईंनी केली. हा ग्रंथ भाऊंच्या हाती पडेल, तेव्हा सुनावणी होऊन गेलेली असेल. त्यांना न सांगता गेलो म्हणून ते रागावले, तर रागावोत.