सहकुटुंब, पण पाच जण

लग्नाची पत्रिका घरात आली की आमची आई ती चष्मा लावून वाचायची आणि ‘सहकुटुंब’ या शब्दाशी पोचली की अण्णांकडे न बघता विचारायची, “म्हणजे दोघांनीच जायचं ना हो?” अण्णा म्हणजे आमचे वडील. ते वर्तमानपत्र जरा उंच धरायचे. आम्हां तिघा भावंडांना हसू यायचं आणि अण्णांची कीवही यायची. आता दोघंही नाहीत, पत्रिका फोनवर येतात, तरी तो शब्द दिसला की मी आधी घरातली माणसं मोजते.

हे जिथून सुरू झालं ते दिवस चळवळीचे होते. अण्णा कऱ्हाडला शाळेत मराठी शिकवायचे. चौकात सभा असली की हे पुढच्या रांगेत, आणि घोषणा सुरू झाल्या की यांचा घसा सगळ्यांच्या वर. ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ यातलं ‘मुंबईसह’ ते असं दाबून म्हणायचे की जणू कोणी त्यांच्या खिशातूनच मुंबई काढून नेतंय. घरात मात्र आवाज चढवायची काय बिशाद. घर एकत्र, आजीच्या शिस्तीतलं. दोन काका, काकू, त्यांची मुलं, शिवाय येणारेजाणारे. आम्हां पाच जणांच्या वाट्याला माजघरालगतची जागा आली होती. तिला दार नव्हतं, जुन्या लुगड्याचा पडदा होता. आई आत कपडे बदलायची तेव्हासुद्धा एक हात त्या पडद्यावर असायचा.

म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईला जायचं ठरलं तेव्हा आईने एवढंच मागितलं. समुद्र नाही मागितला, राणीची बाग नाही. म्हणाली, “चार दिवस एका खोलीत आपण पाचच माणसं. आणि दाराला आतून कडी.”

“एवढंच ना? दिली,” अण्णा म्हणाले. जशी काही मुंबईतली सगळी दारं यांच्याच मालकीची.

गिरगावात अण्णांचा मामेभाऊ राहत होता. त्याला सोडून लॉजमध्ये उतरायचं म्हणजे आजीच्या लेखी भाच्याचा अपमान. तेव्हा आजीला काही बोलायचं नाही, असं आईचं आणि अण्णांचं ठरलं. आईने नवऱ्याबरोबर मिळून सासूपासून काही लपवलं ते आयुष्यात त्या एकदाच. तयारीचे ते आठ-दहा दिवस ती स्वयंपाक करताना गुणगुणायची, आणि मला ते इतकं नवीन होतं की मी मुद्दाम स्वयंपाकघरात घुटमळायची.

शाळेतले एक सर कामासाठी मुंबईला निघाले होते. पूर्वी स्वतःच्या परीक्षेच्या वेळी अण्णा एकटेच गिरगावातल्या एका लॉजवर उतरले होते, तिथे त्यांनी या सरांबरोबर निरोप धाडला: मास्तर सहकुटुंब येणार आहेत, खोली ठेवा. अण्णा मराठीचे मास्तर पडले. ‘बायकोपोरांसकट’ असं चारचौघांसारखं बोलणं त्यांना कुठून सुचायला?

पुण्याला गाडी बदलून आम्ही दादरला उतरलो आणि तिथून बसने गिरगावात आलो. एक ट्रंक, एक वळकटी, फिरकीचा तांब्या, आईच्या कडेवर धाकटी बहीण, अण्णांचं बोट धरलेला भाऊ आणि मागून मी. लॉज खानावळीच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना लाकडी, चढताना अंधार. वर मॅनेजर बनियनवर बसून पंख्याने वारा घेत होता.

“या मास्तर. खोली ठेवलीय तुमची,” तो म्हणाला. मग त्याची नजर आमच्यावर आली. “ही कोण?”

“आमची मुलं.”

“निरोप सहकुटुंबचा होता.”

“मग? सहकुटुंबच आलोय.”

“मास्तर, कुटुंब म्हणजे फॅमिली. फॅमिली म्हणजे बायको. मी दोन खाटांची खोली काढून ठेवली. पोरं आणायची तर सहकुटुंब सहपरिवार म्हणायचं. पत्रिकेत नाही का छापत?”

अण्णा ‘कुटुंब’ शब्दाचा अर्थ सांगायला लागले. खरंच लागले. मॅनेजरने पंखा खाली ठेवला.

“ते शाळेत शिकवा हो. मुंबईसह म्हणजे काय, मुंबई धरून ना? तसं सहकुटुंब म्हणजे कुटुंब धरून. त्यात पोरं कुठे धरलीत?”

जिन्यात दोन माणसं उभी होती ती हसली. ज्या शब्दावर अण्णा चौकात टाळ्या घ्यायचे त्याच शब्दाने त्यांचं तोंड बंद झालं. आईने पदर सावरला आणि बहिणीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

तरी खोली बघितली. दोन खाटांमध्ये माणूस आडवा होऊनच शिरेल एवढी फट, आणि दार खाटेला अडत असल्यामुळे अर्धंच उघडायचं.

“मुलं जमिनीवर झोपतील,” अण्णा म्हणाले.

“जमीन दाखवा मला,” मॅनेजर म्हणाला.

नव्हतीच. मग त्यानेच तोड सुचवली. बाई आणि पोरी इथे राहू देत, मास्तर आणि मुलगा बाहेर हॉलमध्ये कॉट बेसिसवर, म्हणजे नुसत्या खाटेच्या भाड्यात. हॉलमध्ये आधीच सातारा-सांगलीकडची माणसं पसरली होती, दुसऱ्या दिवशी सभा होती म्हणून आलेली. अण्णांनी आईकडे बघितलं. आई हळूच म्हणाली, “मग पाच जण कुठे झालो?” अण्णांनी ट्रंक उचलली.

त्यानंतर काय सांगू. गिरगावातले असतील नसतील तेवढे जिने अण्णा चढले. आम्ही खाली फुटपाथवर ट्रंकेवर बसायचो, अण्णा वर जायचे आणि थोड्या वेळाने धोतराचा सोगा झटकत खाली यायचे. सोगा झटकला की समजायचं, नाही. एका ठिकाणी फॅमिली घेतच नव्हते, नुसते पुरुष. दुसरीकडे तीनपर्यंत चालत होते, वर एक पोर चालवून घेऊ म्हणाले, पण तीन मुलं म्हटल्यावर मालकाने हात जोडले. बाकी सगळीकडे सभेची माणसं. “तुमच्याच महाराष्ट्राने भरलंय हो लॉज,” असं एकाने अण्णांना ऐकवलं. अण्णांनी ते आम्हांला हसून सांगायचा प्रयत्न केला, पण ते काही जमलं नाही. ऊन मी म्हणत होतं. धाकटीची किरकिर चालू होती, भावाला भूक लागली होती, आणि मला मनातून आपण तीन भावंडं असल्याचीच लाज वाटायला लागली होती. आपल्यातलं एक कमी असतं तर आईला खोली मिळाली असती, असा हिशोब मी करत बसले. ते एक म्हणजे मीच, हेही ठरवून झालं. लहानपणी माणूस किती मूर्ख असतो.

आई एका भाजीवालीपाशी पाणी मागायला गेली आणि परत आली ती पत्ता घेऊन. खोताच्या वाडीत एक किरिस्ताव बाई वरची खोली सुट्टीत भाड्याने देते म्हणे. अण्णा काही बोलायच्या आत आई चालायला लागली होती.

वाडी अरुंद, दोन्ही बाजूंना लाकडी घरं, बाहेरून जिने. बाई म्हातारी होती, फुलाफुलांच्या झग्यातली. अण्णांनी या वेळी शब्दांचा खेळ केला नाही. सरळ बोटं दाखवून म्हणाले, “आम्ही पाच आहोत.”

“मग पाचांत काय मोठंसं?” बाई म्हणाली. “या खोलीत माझी सात वाढली.”

खोली वर होती. लाकडी जमीन, मोठी खिडकी, एक ऐसपैस खाट, कोपऱ्यात गाद्यांची वळकटी. आई आत गेली, धाकटीला खाली सोडलं, आम्हां दोघांना हाताने आत ओढलं आणि दार लावून घेतलं. पितळी कडी होती. आईने ती सरकवली. बाहेर अण्णा आणि ती बाई, आत आम्ही चौघं. आई दाराला पाठ लावून उभी राहिली आणि आवाज न करता हसली. तिला मी तशी आधी बघितली नव्हती आणि नंतरही नाही. मग तिने कडी काढली.

बाई स्पष्ट होती. म्हणाली, “एक सांगून ठेवते. खाली आमची मासळी शिजते, रोज. वास वर येतो. आणि भिंतीवर आमचा देव आहे, तो मी काढायची नाही. चालत असेल तर राहा.”

“चालेल,” आई म्हणाली. अण्णांच्या आधी.

अण्णांनी भिंतीवरच्या तसबिरीकडे बघितलं, मग आपल्या चपलांकडे. “आम्ही जरा आणखी एक ठिकाण बघून येतो,” ते बाईला म्हणाले.

“अहो, मी म्हणतेय ना चालेल.”

“अगं हो, पण...” ते तिला जिन्यापाशी घेऊन गेले. मी मागेच होते. “आईला कळलं तर घरात घेणार नाही आपल्याला.”

“कोण सांगणार आहे त्यांना?”

अण्णांनी नुसती मान आमच्याकडे वळवली. मी म्हटलं, “मी नाही सांगणार.” माझं म्हणणं त्यांना ऐकू गेलं नाही की त्यांनी ऐकलं नाही, देव जाणे. कऱ्हाडच्या चौकात सरकारला दम देणारा माणूस, पण एका दिवसाच्या वाटेवर असलेल्या आपल्या आईला घाबरून त्या जिन्यावर घामाघूम झाला होता. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. आईने तांब्या उचलला.

“बघून या,” बाई वरून म्हणाली. “खोली कुठे पळून जात नाही.”

संध्याकाळी आम्ही अण्णांच्या मामेभावाच्या चाळीत होतो. खोताच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या, त्यांची सात माणसं, आम्ही पाच. हे मुंबईचे काका आनंदाने उडालेच. लॉज शोधत हिंडलात म्हणून अण्णांना मनापासून शिव्या घातल्या. काकू तर आईच्या गळ्यातच पडली. “वहिनी, बरं झालं बाई आलात, मला एक हात मिळाला.” ती वाईट नव्हती हो. थकलेली होती. हातपाय धुऊन होतात न होतात तोच आई तिच्याशेजारी कणीक मळायला बसली.

चार दिवस तसेच गेले. बायका-मुली स्वयंपाकाच्या खोलीत डब्यांच्या खाली डोकी करून झोपायच्या, पुरुष बाहेर गॅलरीत. गॅलरीत चळवळीच्या गप्पा रंगायच्या आणि अण्णांचा आवाज पुन्हा वर चढला होता. त्यांनी आम्हांला राणीच्या बागेत नेलं, चौपाटीवर नेलं. आई दोन्ही वेळा आली नाही. बारा माणसांचं कोण बघणार होतं?

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी आई मला घेऊन कोथिंबीर आणायला उतरली. भाजीबाजार डावीकडे होता, ती उजवीकडे वळली. मीही मागोमाग वळले. म्हातारी व्हरांड्यात तांदूळ निवडत होती. तिने आम्हांला लगेच ओळखलं.

“अजून रिकामीच आहे बघा खोली,” ती म्हणाली.

“हो का,” आई म्हणाली. थोडा वेळ वरच्या खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, “बाई, थोडं पाणी मिळेल?”

बाईने दोन पेले आणले. आई पायरीवर बसून सगळं पाणी प्यायली आणि दुसरा पेला माझ्या हातात दिला. आमच्या घरात हे कळलं असतं तर आजीने काय केलं असतं ते मला पक्कं माहीत होतं. मी पण सगळं प्यायले. आईने पेले पालथे घालून ठेवले आणि आम्ही कोथिंबीर घेऊन परत आलो.

पुढे काही वर्षांनी राज्य झालं. अण्णा पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन धावतच घरी आले. आधी देवापुढे, मग आजीला, मग आईकडे. आई पोळ्या लाटत होती.

“मिळाली गं,” अण्णा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “मुंबईसह महाराष्ट्र मिळाला.”

आईने हात पुसून पेढा घेतला, देवाकडे बघून कपाळाला लावला, खाल्ला. “फार चांगलं झालं,” ती म्हणाली. आणि ते तिने खोटं म्हटलं नव्हतं. मग लाटणं हातात घेऊन म्हणाली, “एवढ्या मुंबईसाठी इतकी वर्षं ओरडलात. त्या बाईच्या दारात नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं.”

आवाज वाढवला नव्हता तिने. आजी बाहेरच बसली होती, तिला ऐकूही गेलं नसेल. अण्णांनी पुडा माझ्याजवळ दिला आणि ते आमच्या जागेत गेले. दार लावून घ्यावंसं वाटलं असेल त्यांना. आमच्याकडे लावायला दार नव्हतं.