"जेवलाव का?" ही लाईन माझी नव्हती

मी खोटं बोलले होते. आणि ज्यांची लाईन मी स्वतःच्या नावावर खपवली, ते दशरथ अण्णा काल गेले.

कमलनगरच्या बसस्टँडजवळ अण्णांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान. माझ्या लहानपणी आमचा टीव्ही महिन्यातून एकदा तरी बाबांच्या स्कूटरवर बसून तिकडं जायचा.

"आमी टीव्ही आतून बगितलाय माय," अण्णा म्हणायचे. "आत काईच नसतंय. धूळ आन् झुरळं."

पुढं मी टीव्हीच्या बातम्यांची खिल्ली उडवणारा सिनेमा केला, तेव्हा पहिल्याच मीटिंगला हे वाक्य सगळ्यांना ऐकवलं होतं. तेही स्वतःचं म्हणूनच. सवय जुनी आहे माझी.

सिनेमात अण्णांना एक छोटा रोल दिला. भिंत पडून बायको गेलेला म्हातारा. चॅनेलची रिपोर्टर येते, शॉट नीट यावा म्हणून त्याला त्याच दारातून पुन्हा पुन्हा बाहेर यायला लावते आणि विचारते, "तुम्हाला काय वाटतंय?"

स्क्रिप्टमध्ये म्हातारा गप्प राहतो, एवढंच होतं.

शूटिंगच्या दिवशी नाश्त्याची जीप रस्त्यातच बंद पडली. रिपोर्टर झालेली पोरगी सकाळपासून उन्हात उभी. तिनं माईक पुढं केला. अण्णांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले,

"बाई, तुमी जेवलाव का?"

मी कट म्हणणार होते. कॅमेरामननं हातानंच मला थांबवलं. ती पोरगी पुढचं सगळं विसरली आणि तिनं माईक खाली घेतला.

तोच टेक ठेवला.

पुण्यात पहिला शो झाला. अण्णा नवा पांढरा शर्ट घालून माझ्या शेजारी बसलेले. ती लाईन आली आणि अख्खं थिएटर हसून हसून लोळलं. मागं कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

अण्णा माझ्याकडं वळले. "कामून हसायलेत गं?"

"आवडलं त्यांना, अण्णा."

"आसं?" म्हणाले आणि पुन्हा पडद्याकडं बघायला लागले. 

रिव्ह्यू बरे-वाईट दोन्ही आले. एकानं लिहिलं, टीव्हीच्या आरडाओरड्यावरचा हा सिनेमा स्वतःच फार आरडाओरडा करतो. मला लागलं, कारण खरं होतं. पण त्या लाईनवर सगळ्यांचं एकमत. "सटायरचा कळस." "चॅनेलच्या थोबाडीत मारलेली चपराक."

मग यूट्यूबवरच्या एका इंटरव्ह्यूत मला विचारलं, ही लाईन कशी सुचली?

मी केस मागं सारून म्हणाले, "लिहिताना आपोआप आली. मला तिथं ॲब्सर्डिटी हवी होती."

ॲब्सर्डिटी! काय बाई होते मी.

कमलनगरला मंगल कार्यालयात शो ठेवला. साउंड अण्णांनीच लावला. ज्या सीनमध्ये रिपोर्टर सरपंचाच्या मागं पळते, तिथं लोकांनी खुर्च्या हलवल्या हसून. अण्णांची लाईन आली आणि कुणीच हसलं नाही. एक जण नाही.

माझ्या पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, "तोंड बग की तिचं. उपाशी हाय पोरगी."

मला राग आला. घरी जाऊन स्टेटस टाकलं, "आमच्या गावाला सटायर कळत नाही." अण्णांनी त्याला लाईक केलं. ते माझ्या सगळ्याच पोस्टना लाईक करायचे.

पुढच्या खेपेला दुकानात गेले, नेहमीसारखा जय भीम घातला. अण्णा कुणाचा तरी रिमोट उघडून बसलेले.

"मुलाखत बगितली तुजी. चांगली बोललीस."

माझा चेहरा पडला. "अण्णा, ती लाईन..."

"आसू दे की. पिच्चर तुजाच हाय."

रिमोटचं झाकण बसवलं. सेल घातले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पर मी ते हसायला म्हणलो नव्हतो बग. पोरगी खरंच जेवली नव्हती."

नावाबद्दल चकार शब्द नाही. हसण्याचं मात्र त्यांना लागलं होतं.

तेव्हाच ठरवलं, जाहीर सांगायचं. पुढच्या इंटरव्ह्यूत सांगू. अवॉर्डच्या भाषणात सांगू. अवॉर्ड मिळालं, तेव्हा निर्मात्यांचे आभार मानले आणि खाली उतरले. अण्णांनी व्हिडिओ पाहिला असणार. लाईक होतं.

काल पुण्याहून निघाले ती गाडी बदलत बदलत पोचले. तोवर माती होऊन गेली होती. पांढऱ्या कपड्यातली माणसं अंगणात बसलेली. शांताअक्का, अण्णांची बायको, भिंतीला टेकून. मी तिच्यासमोर बसले.  आणि तोंडातून निघालं काय, तर, "अक्का, कसं वाटतंय?"

माझीच रिपोर्टर माझ्या तोंडून बोलली. तिथंच जमीन फाटून आत जावंसं वाटलं.

अक्कानं डोळे पुसले. माझ्याकडं नीट बघितलं.

"कवा निगालीस गं? जेवलीस का?"

"न्हाई."

शेजाऱ्यांनी आणलेल्या डब्यातली भाकरी तिनं माझ्या हातावर ठेवली. मी खाल्ली. खाताना रडले, आणि अंगणातलं कुणीही मला हसलं नाही.

म्हणून हे आज, इथं, सगळ्यांसमोर. ती लाईन दशरथ अण्णांची आहे. तो विनोद नव्हता. गावाला सटायर चांगलं कळत होतं, मलाच अण्णा कळले नाहीत.

अण्णा, या पोस्टला तुमचं लाईक येणार नाही.

जेवले मी.

जय भीम, अण्णा. शेवटचा.