मोजायचं नायट्रोजनपासून

"आधी मोज, मग बोल." इथे परदेशात, आमच्या पार्सिपनी गावातल्या काकांचं कुठल्याही प्रश्नाला हेच उत्तर. औषधांच्या कंपनीतून रिटायर झाले, पण लॅब काही अंगातून गेली नाही. तुमच्याकडेही असा एखादा काका असेलच.

नवा माणूस भेटला की त्याचं वर्गीकरण सुरू. "अमाइन म्हणजे नायट्रोजनचं बिऱ्हाड. नायट्रोजनला एक कार्बन जोडलेला तर प्रायमरी, दोन तर सेकंडरी, तीन तर टर्शरी." नुसता आईचा फोन येणारा पोरगा प्रायमरी, लग्न झालं की सेकंडरी, आणि सासूबाई सहा महिन्यांच्या मुक्कामाला आल्या की टर्शरी. माझी आई आलेली, त्यामुळे माझा नवरा तेव्हा टर्शरी होता, आणि दिसायचाही तसाच.

कुणाकडे बांगडा केला की हे ताट हुंगणार. "हा वास अमाइनचा. लिंबू पिळा. आम्ल मिळालं की त्याचं मीठ होतं, वास मुकाट बसतो."

"जेवू द्या हो लोकांना," काकू म्हणायच्या. जमवाजमव सगळी काकूंची. डोहाळजेवण असो, कुणाला एअरपोर्टची राइड हवी असो, फोन त्यांनाच. काका कोपऱ्यात बसून पेपर नॅपकिनवर रेणू काढत.

मग काकू गेल्या. दूर शॉमबर्गला राहणारी त्यांची लेक तिकडे बोलावत होती. काका म्हणाले, "बघू. इथे माणसं आहेत आपली." आम्हीही म्हटलं, काकांना काय कमी!

मला फार्मसीच्या ॲडमिशनसाठी ऑरगॅनिक केमिस्ट्री पास होणं भाग होतं, म्हणून दर रविवारी त्यांच्याकडे जायला लागले. एकदा त्यांनी एक कार्बन काढला, त्याच्याभोवती तीन कार्बन, आणि कडेला नायट्रोजन.

"हे कुठलं अमाइन?"

"टर्शरी," मी ठोकून दिलं.

"हे अल्कोहोलचं मोजणं झालं. तिथे मधल्या कार्बनचे शेजारी मोजतात. इथे नायट्रोजनपासून मोजायचं. गर्दी आहे ती सगळी त्या कार्बनभोवती. नायट्रोजनचा हात एकाच्याच हातात. प्रायमरी." पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "मीपण स्वतःला टर्शरीच समजत होतो गं. माणसं सगळी तिची होती."

"पुढच्या रविवारी नक्की येते काका," एवढंच म्हटलं.

तो रविवार माझ्या लेकीच्या डान्स क्लासमुळे न कळवताच कॅन्सल केला, पुढचा पाहुण्यांमुळे, मग परीक्षाच आली. पास झाले. पेढे घेऊन गेले, तर अपार्टमेंटचं दार एका अनोळखी बाईनं उघडलं. काका पंधरा दिवसांपूर्वीच शॉमबर्गला लेकीकडे राहायला गेले होते. चार-पाच घरी फोन लावले. ते तिकडे गेल्याचा कुणालाच पत्ता नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी गाडीत बसूनच शॉमबर्गला फोन केला. "काका, सांगितलं का नाही?"

"अगं, तीन रविवार तुझ्यासाठी चहा ठेवला होता," ते म्हणाले. "म्हटलं, बिझी असशील, उगाच कशाला फोन करा."

पास झाल्याचं सांगायचं राहूनच गेलं.