मैदानाबाहेर बसणारे पद्माकर

दिल्लीत चार मराठी माणसं जमली आणि क्रिकेटचा विषय निघाला, की तिथल्याच द्वारका भागातले पद्माकर खुर्ची पुढे ओढतात. नव्याण्णव साली कोटल्याच्या मैदानावर कुंबळेने पाकिस्तानचे दहाच्या दहा गडी टिपले, तेव्हा आपण तिथे होतो, असं ते छाती फुगवून सांगतात. आणि त्यातला एकही पडताना पाहिला नाही, हेही तितक्याच अभिमानाने सांगतात!

झालं असं, की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाकिस्तानने बिनबाद शंभरी ओलांडली होती. वैतागलेले पद्माकर स्टँडच्या मागे चहाला गेले आणि पहिला गडी पडला. धावत परत आले, तर जिन्यावर त्यांचा मित्र श्रीरंग आडवा हात करून उभा. "पद्या, आत पाऊल टाकलंस तर याद राख!" हे म्हणेस्तोवर, पुढच्याच चेंडूवर, दुसरा गेला. मग काय, मित्रांनी पद्माकरांना हद्दपारच केलं. ते मैदानाला खेटून असलेल्या फिरोजशहाच्या पडक्या किल्ल्यात जाऊन बसले आणि भिंतीपलीकडून येणाऱ्या आरोळ्यांवर गडी मोजत राहिले.

दोन आरोळ्यांच्या मधे करायला काही नव्हतं, म्हणून ते समोरच्या अशोकस्तंभाकडे बघत बसले आणि त्या खांबाचं त्यांना वेडच लागलं. आता तावडीत सापडलेल्या पाहुण्याची सुटका नाही. "अहो, हा खांब दिल्लीचा नव्हेच! फिरोजशहाने तो हरियाणातल्या टोपऱ्याहून आणला. कापसाच्या गाद्यांवर आडवा निजवला, यमुनेतून नावांवर घालून आणला. आणि त्यावर लिहिलंय काय, ते दरबारात एकालाही वाचता येईना!"

तेव्हापासून घरात नियमच झाला. भारताची फलंदाजी असली, की पद्माकर बाल्कनीत नाहीतर सोसायटीच्या बागेत. त्यांनी टीव्हीकडे पाहिलं आणि आपला गडी बाद झाला, असं इतक्यांदा घडलं होतं, की त्यांची बायको साधनासुद्धा शेवटच्या षटकांत त्यांना भाजी आणायला पिटाळायची.

आणि परवाच्या गुरुवारी तर खुद्द नातीचाच सामना! त्यांची नात पूर्वी मुलींच्या क्लब स्पर्धेच्या अंतिम फेरीत सलामीला खेळणार होती, आणि तेही कोटल्यावर! पद्माकरांना रात्रभर झोप लागली नाही.

"आबा, आज तुम्ही आत बसायचं," बुटांच्या नाड्या बांधताना पूर्वीने बजावलं. "बिल्कुल नाटक नाही. मी आउट झाले तर माझ्या चुकीने होईन यार, तुमच्यामुळे नाही."

"बसतो की!" पद्माकर म्हणाले, आणि ती दिसेनाशी होताच किल्ल्याकडे वळले. पोरीचं वाटोळं आपल्या डोळ्यांनी होऊ द्यायचं? छे!

गुरुवार असल्यामुळे किल्ल्यात ही गर्दी. या पडक्या भिंतींत जिन्न, म्हणजे अदृश्य आत्मे, राहतात असं मानून त्यांना साकडं घालायला आलेली माणसं कोनाड्यांत दिवे लावत होती, अर्जांच्या झेरॉक्स चिकटवत होती. पद्माकरांचा तर गुरुवारी दत्ताचा उपास. तरी त्यांनी शेजारच्या बाईंकडून एक उदबत्ती मागून घेतली आणि इकडेतिकडे बघून हळूच खोचली. मग स्तंभासमोर बसून कान टवकारले.

काहीच ऐकू येईना. क्लबचा सामना, बघायला आईबाप आणि दोन-चार मैत्रिणी. आरोळी उठणार कुठून? पूर्वी खेळतेय की बाद होऊन रडतेय, काही कळेना. फोन केला तर आत बसलेली साधना उचलेना. पोरगी आयुष्यात पहिल्यांदा या मैदानावर खेळतेय, आणि आपण भिंतीकडे बघत बसलोय! पद्माकर उठले आणि गुडघ्यांची पर्वा न करता धावत सुटले.

धापा टाकत ते स्टँडमध्ये शिरले, तर पूर्वी अजून खेळत होती! "अर्धशतक झालं तिचं! कुठे होतात?" साधना ओरडली. तेवढ्यात पूर्वीने कव्हरमधून असा सणसणीत चौकार मारला, की पद्माकर आनंदाने खुर्चीवरच चढले. तिने मान वर करून पाहिलं, बॅट उंचावली.

आणि पुढच्याच चेंडूवर तिचा त्रिफळा उडाला.

पद्माकर मटकन खाली बसले. बॅट काखेत मारून ती कठड्याशी आली, तेव्हा त्यांना वर बघवेना. "पोरी, मी यायलाच नको होतं गं."

"आबा, चौकार पाहिलात?"

"पाहिला. तेवढाच पाहिला."

"आतापर्यंतच्या मॅचेसमध्ये तुम्ही माझा एकही नव्हता पाहिला," पूर्वी म्हणाली. तिचा चेहरा घामाने डबडबला होता, आणि ती हसत होती. "आता उठायचं नाही. आम्हाला बॉलिंग करायचीय."

पद्माकरांनी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. डाव संपेपर्यंत ते चहालासुद्धा उठले नाहीत.